अण्णांचं बोर्डिंग आणि आपलं होस्टेल

आपल्या चंद्रपुरात कर्मवीर म्हटलं की दादासाहेब कन्नमवार आठवतात. मी लिहिते आहे ते दुसरे कर्मवीर, साताऱ्याचे भाऊराव पाटील. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे अमेरिकेतले बुकर टी. वॉशिंग्टन आमच्या धड्यात होते, पण भाऊराव नव्हते! त्यांची ओळख मला झाली ती इथे होस्टेलला आल्यावर, लायब्ररीतल्या एका जुन्या चरित्रातून. आणि खरं सांगू का मित्रमैत्रिणींनो, पहिल्या सेमचा रिझल्ट लागल्यानंतरच्या आठवड्यात ते वाचलं म्हणूनच ते इतकं लक्षात राहिलं.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 चा, कोल्हापूरकडच्या कुंभोज गावचा. जैन शेतकरी कुटुंब. शिकायला कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये आले. अभ्यासात मात्र यथातथाच, त्यातून गणित कच्चं. (एम-वनवाल्यांनी इकडे लक्ष द्यावं.) असं सांगतात की खुद्द शाहू महाराजांनी त्यांना वरच्या वर्गात घालायची शिफारस केली, तेव्हा गणिताच्या मास्तरांनी भाऊराव बसतात तो बाक एक वेळ वर चढवीन पण भाऊरावांना नाही, असं महाराजांना कळवून टाकलं. शेवटी ते मॅट्रिक काही झालेच नाहीत.

ते राहायचे जैन बोर्डिंगमध्ये. 1908 मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं, त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर अंघोळ केल्याशिवाय जेवायला मिळणार नाही म्हणून सांगण्यात आलं. त्यांनी अंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. आपण कुणाच्या पंगतीला बसतो यावरून शिक्षण सुटू शकतं, हे त्यांना तिथे कळलं असणार असं मला वाटतं.

पुढे पोटासाठी त्यांनी काय काय केलं! साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले, कूपरांच्या कारखान्यातही होते. म्हणजे तसे आपल्याच लाईनचे. नांगर विकायला गावोगाव फिरताना बुद्धी असूनही शाळेबाहेर राहिलेली पोरं त्यांनी पाहिली. गावात चौथीपर्यंत शाळा असली तरी पुढे शहरात राहणार कुठे आणि खाणार काय? 1910 मध्ये दूधगावला मित्रांच्या मदतीने त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी एक आश्रम काढला होताच. 4 ऑक्टोबर 1919 ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. 1924 मध्ये ते साताऱ्याला आले आणि तिथे बोर्डिंग सुरू केलं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं.

या बोर्डिंगचा कारभार वाचण्यासारखा आहे. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी पोरं एका छपराखाली. स्वयंपाक पाळीपाळीने पोरांनीच करायचा आणि एकाच पंगतीत जेवायचं. दळण, पाणी, झाडलोट, शेतातली कामं, सगळं स्वतः. मोठ्या पोरांनी लहानांकडे बघायचं. फुकट काही नाही, पण पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवायचंही नाही. मला यातली गंमत अशी वाटते की ज्याने सकाळी तुमच्यासोबत भाकऱ्या थापल्या त्याला रात्री गणित विचारायला लाज वाटत नाही.

पण हे सगळं चाललं कुणाच्या जिवावर? लक्ष्मीबाईंच्या. भाऊरावांवर पुष्कळ लिहिलं जातं, त्यांच्यावर त्या मानाने कमी, हे मला पटत नाही. सोवळं पाळणाऱ्या घरातून आलेली ही बाई. तिने आधी स्वतःला बदललं आणि मग दुसऱ्यांची पोरं आपली मानली. पोरं त्यांना वहिनी म्हणायची. आजारी पोराच्या उशाशी वहिनी आणि सणाला गोडधोड करणाऱ्याही वहिनीच. माहेरचं सोनं एकेक करून बोर्डिंगच्या धान्यासाठी गेलं. एकदा अण्णा फिरतीवर असताना घरात दाणा नव्हता, तेव्हा त्यांनी मंगळसूत्र काढून दिलं. त्या काळात! 1930 मध्ये त्या गेल्या. बोर्डिंगचं पुढे काय झालं ते त्यांना बघायलाच मिळालं नाही.

हे वाचताना मला आपली मेस दिसत होती. एका टेबलावर इंग्लिश मीडियमवाले, दुसऱ्यावर मराठी मीडियमवाले आणि कोपऱ्यात गडचिरोलीकडच्या मुली. भामरागडकडची एक फर्स्ट इयरची मुलगी आमच्या विंगमध्ये आहे. घरी माडिया, शाळेत मराठी, इथे एकदम इंग्लिश. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तिचा घरी फोनसुद्धा लागत नाही. दोन विषयांत बॅक लागल्यावर तिने बॅग भरली होती. तिला डेरिव्हेटिव्ह येत होतं, प्रश्न काय विचारलाय ते कळत नव्हतं. हे कुठल्या लेक्चरमध्ये समजणार? ते समजलं रात्री साडेनऊला, आम्ही सात जणी एका खोलीत पेपर सोडवत बसलो तेव्हा. आता ती आम्हाला ड्रॉइंग शिकवते, कारण तिची लाईन आमच्या सगळ्यांपेक्षा सरळ येते. बॅग परत कॉटखाली गेली आहे. बॅकचा निकाल अजून यायचाय.

अण्णा मात्र शाळेवर थांबले नाहीत. 1932 मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग, 1935 मध्ये साताऱ्यात शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज, 1940 मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. कमवा आणि शिका ही योजना तिथे कॉलेजच्या पोरांसाठी आली. जमीन सपाट करायची, शेती करायची, बांधकामावर राबायचं आणि त्यातून आपला खर्च भागवायचा. खेड्यातून आलेला पोरगा कॉलेजात कच्चा पडणार हे अण्णांनी धरूनच ठेवलं होतं, म्हणून कॉलेजसोबत होस्टेल हवंच. देणग्यांसाठी खादीच्या कपड्यांत, अनवाणी, दाढी वाढलेला हा माणूस गावोगाव हिंडायचा.

एप्रिल 1959 मध्ये पुणे विद्यापीठाने या मॅट्रिक न झालेल्या माणसाला डी.लिट. दिली. त्याच वर्षी पद्मभूषणही मिळालं. 9 मे 1959 ला अण्णा गेले. तेव्हा संस्थेची शंभराहून जास्त हायस्कुलं होती, खेड्यापाड्यांतल्या शेकडो प्राथमिक शाळा होत्या, तीन कॉलेजं होती आणि 38 वसतिगृहं होती.