दाताच्या खुर्चीतली भीती आणि जेम्स ब्रेड: हिप्नोटिझम नेमकं चालतं कसं?

माझ्या दाढेचं रूट कॅनाल मी चार महिने पुढे ढकललं. पैसे होते, सुट्टीही मिळत होती, पण भीती वाटत होती. शेवटी जायचंच ठरलं तेव्हा सवयीप्रमाणे प्ले स्टोअर उघडलं. हिप्नोसिस असं शोधलं की ॲप्सचा ढीग समोर येतो. त्यातलं एक डाउनलोड केलं आणि क्लिनिकच्या वेटिंग रूममध्ये हेडफोन लावून बसले. कानात एक बाई हळू आवाजात मला समुद्रकिनारी नेत होत्या आणि आतल्या खोलीतून ड्रिलचा आवाज येत होता. पाच मिनिटांनी मी आधीपेक्षा जास्त जागी झाले होते. मी उठले, पुढची तारीख घेतली आणि चक्क घरी पळाले. ॲप अनइन्स्टॉल केलं ते वेगळंच.

नंतर वाचताना कळलं, की माझी ही अडचण एका सर्जनने १८४३ मध्येच पुस्तकात लिहून ठेवली होती. हिप्नोटिझम हा शब्द ज्यांच्यामुळे जगभर रुळला, तेच हे जेम्स ब्रेड. (हो, आडनाव खायच्या ब्रेडसारखंच वाचायचं.)

ब्रेड यांचा जन्म १७९५ चा, स्कॉटलंडमधल्या किन्रॉस भागातला. एडिंबरामध्ये शिकून ते सर्जन झाले आणि लेडहिल्स इथल्या शिशाच्या खाणींवर कामगारांचे डॉक्टर म्हणून लागले. पुढे इंग्लंडमध्ये मँचेस्टरला आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. वाकडी पावलं, तिरळे डोळे अशा ऑपरेशनमध्ये त्यांचा हात बसलेला होता. थोडक्यात, जादूटोण्याशी काही संबंध नसलेला कामसू माणूस.

नोव्हेंबर १८४१ मध्ये चार्ल्स लाफोंतेन नावाचा फ्रेंच माणूस मँचेस्टरमध्ये मेस्मेरिझमचे प्रयोग दाखवायला आला. त्या काळची थिअरी अशी, की प्रयोग करणाऱ्याच्या शरीरातून एक अदृश्य द्रव निघतो आणि समोरच्याला गुंगी आणतो. अठराव्या शतकात फ्रांझ मेस्मर या डॉक्टरने हे डोक्यात भरवलं होतं. ब्रेड गेले ते थापेबाजी पकडायलाच. पहिल्या दिवशी त्यांना सगळं नाटक वाटलं. पण काही दिवसांनी पुन्हा गेले तेव्हा एक गोष्ट खटकली. गुंगीतल्या माणसाला खरोखरच पापण्या उघडता येत नव्हत्या. परिणाम खरा असेल, तर कारण काय?

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण तो शुद्ध डीबगिंग आहे. ब्रेड यांनी प्रयोग करणाऱ्या माणसालाच समीकरणातून काढून टाकलं. घरी एका तरुण मित्राला बसवलं आणि वाइनच्या बाटलीच्या तोंडाकडे एकटक बघायला सांगितलं. बाटली अशी उंच ठेवली, की डोळ्यांवर ताण यावा. तीन मिनिटांत त्याच्या पापण्या मिटल्या, गालांवरून पाणी ओघळलं, मान खाली गेली. मग बायकोला साखरेच्या भांड्यावरच्या नक्षीकडे बघत बसवलं. तिचंही तेच झालं.

पण या दोघांना काय चाललंय ते माहीत होतं. म्हणून तिसरा नंबर लागला घरातल्या नोकराचा. त्याला मेस्मेरिझमचा गंधही नव्हता. औषध तयार होतंय, त्यावर नीट लक्ष ठेव, एवढंच त्याला सांगितलं. तोही अडीच मिनिटांत गेला. ब्रेड यांनी खोटं खोटं रागावून त्याला खाली पाठवलं, थोड्या वेळाने परत बोलावलं आणि या वेळी झोपू नकोस अशी ताकीद दिली. पुन्हा तेच.

फोन एअरप्लेन मोडवर टाकूनही ॲप चालत असेल, तर ते नेटवर चालत नाही, एवढं आपल्याला कळतं. ब्रेड यांनी नेमकं हेच सिद्ध केलं. कोणाकडून कोणाकडे काहीही जात नाही. जे चालतं ते त्या माणसाच्या स्वतःच्या आत चालतं, आणि नजर व लक्ष एका जागी खिळवलं की ते सुरू होतं. पुढे ते बहुतेक वेळा आपल्या शस्त्रांची चकचकीत डबी रुग्णाच्या कपाळासमोर थोडी वर धरायचे.

हे १८४६ च्या आधीचं आहे, हे लक्षात घ्या. तेव्हा ऑपरेशनसाठी ना ईथर होतं, ना क्लोरोफॉर्म. दाढ काढायची म्हणजे शुद्धीत, जिवंत वेदनेत. ब्रेड यांनी हिप्नोटिझमखाली सहा रुग्णांचे दात वेदनेविना काढल्याचं लिहिलं आहे. आणखी काहींना इतकं कमी दुखलं, की दात निघाला हे त्यांना कळलंही नाही.

आणि मग ते मुद्द्यावर येतात. दात आत्ता काढणार आहेत हे रुग्णाला माहीत असेल, तर त्याचं मन तिकडेच ओढलं जातं आणि पुरेशी खोल अवस्था बहुतेक वेळा येतच नाही. म्हणजे ज्या भीतीसाठी हा उपाय हवा, तीच भीती त्याला आत येऊ देत नाही. दोघांनाही तेच लक्ष हवं असतं. वेटिंग रूममध्ये माझं झालं ते हेच.

ब्रेड यांचा तोडगा काय? रुग्णाला आज दात काढणार याचा पत्ताच लागू द्यायचा नाही. इथे माझं आणि त्यांचं जमत नाही. त्या काळातल्या वेदना बघता हेतू समजतो, पण डोळे उघडल्यावर दात गायब असेल तर मी त्या डॉक्टरकडे पुन्हा पाऊल ठेवणार नाही. निदान बरोबर, इलाज चुकीचा.

त्यांना विरोधही भरपूर झाला. लिव्हरपूलच्या एका पाद्र्याने व्यासपीठावरून हे सैतानाचं काम ठरवलं, तर १८४२ मध्ये मँचेस्टरलाच भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनाने त्यांचा निबंध नाकारला. ब्रेड यांनी स्वतः प्रयोग दाखवून उत्तर दिलं आणि कामाला लागले. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की ही झोप नाहीच, मन एकाच कल्पनेने व्यापणं आहे. हिप्नोस म्हणजे ग्रीकमध्ये झोप, तेव्हा नावच चुकलं! १८४७ मध्ये त्यांनी मोनोआयडिइझम, म्हणजे एककल्पना, असा नवा शब्द काढला. पण रिलीज झालेल्या फंक्शनचं नाव बदलायला गेलं की काय होतं ते आपल्याला माहीत आहेच. जुनंच चालू राहिलं.

तोवर वेदनेचा प्रश्न दुसऱ्याच बाजूने सुटत होता. ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथर देऊन ऑपरेशन शक्य असल्याचं दाखवलं. मॉर्टन पेशाने दातांचे डॉक्टर! पाठोपाठ क्लोरोफॉर्म आलं आणि ऑपरेशनसाठी हिप्नोटिझम मागे पडलं. १८५९ च्या शेवटी पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी त्यावर पुन्हा चर्चा घडवली, पण ब्रेड यांना पुढचं बघायला मिळालं नाही. मार्च १८६० मध्ये ते मँचेस्टरमध्ये अचानक वारले.

वेदनेसाठी आज बधिर करणारं इंजेक्शन आहे आणि ते टाळायचं काही कारण नाही. भीतीचं मात्र तसं इंजेक्शन नाही. मी ब्रेड यांच्या निदानातून एवढंच उचललं, की सराव आणि दात एका दिवशी ठेवायचे नाहीत. ॲप पुन्हा टाकलं आणि आठवडाभर रात्री झोपताना ऐकलं, जेव्हा आसपास ड्रिल नव्हतं. डॉक्टरांना फोन करून भीतीबद्दल सरळ सांगितलं. पहिल्या भेटीत नुसतं खुर्चीत बसायचं आणि नंतर कधीही डावा हात वर केला की ते थांबतील, असं ठरलं. त्या दिवशी किनाऱ्यावर पोचले असं म्हणणार नाही. ड्रिल ऐकू येत होतं, तळहात ओले होते, दोनदा हात वर केला. पण उठून पळाले नाही.

कॅप बसवायची राहिली आहे. पुढच्या गुरुवारी, साडेसहाला.