तुकडोजी महाराज : सामुदायिक प्रार्थनेचे काव्य

धर्मनिरपेक्ष युगात काव्य हे प्रार्थनेचे रूप घेऊ शकते काय, हा प्रश्न मराठी समीक्षेत बहुधा मर्ढेकरांच्या कवितेच्या संदर्भात उपस्थित होतो. यंत्रयुगातील एकाकी माणसाचे आर्त त्या कवितेत आहे. मर्ढेकरांच्याच जन्मवर्षी, म्हणजे १९०९ साली, विदर्भात जन्मलेल्या दुसऱ्या एका कवीने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. ते कवी म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज.

३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली येथे एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव माणिक. शालेय शिक्षण अल्प. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू; तुकड्या हे नाव त्यांनीच दिले आणि पुढे तीच त्यांच्या भजनांची नाममुद्रा झाली. तरुणपणीच्या अरण्यवासानंतर खंजिरीच्या साथीने ते गावोगावी मराठी आणि हिंदी भजने गाऊ लागले.

ज्या लोकमानसापुढे ही भजने गायली गेली, ते समजून घेण्यास वर्धा जिल्ह्यातील गिरडचे उदाहरण उपयुक्त आहे. समुद्रपूर तालुक्यातील या गावी टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. तेथे हिंदू आणि मुसलमान दोघेही नवस बोलतात. टेकडीवर सापडणारे गोलसर खडे म्हणजे बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा दगड झालेला माल, ही आख्यायिका उभयतांची आहे. सामायिक श्रद्धा या भूमीत अशी पूर्वापार होती. परंतु नवस ज्याचा त्याने आपापला बोलायचा असतो. सर्वांनी एकत्र बसून एका स्वरात उच्चारावयाचे शब्द देणे, हे कार्य तुकडोजी महाराजांनी केले.

१९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. १९३६ मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून शेगाव (पुढील सेवाग्राम) येथील आश्रमात त्यांचे वास्तव्य झाले. १९४२ च्या आंदोलनात त्यांना अटक झाली. नागपूर आणि रायपूर येथील तुरुंगांत त्यांनी कारावास भोगला. भजन हे राज्यसत्तेलाही दखलपात्र वाटावे, ही गोष्ट त्यांच्या काव्याच्या सामाजिक सामर्थ्याची साक्ष देते.

स्वातंत्र्योत्तर काळात या काव्याचे कार्य पालटले. सामुदायिक प्रार्थनेत विशिष्ट देवतेची वा पंथाची अट त्यांनी ठेवली नाही. १९५५ साली ते जपानमधील विश्वधर्म परिषदेस उपस्थित राहिले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'ग्रामगीते'च्या ४१ अध्यायांत ग्रामसफाई, आरोग्य, शिक्षण, श्रम, अस्पृश्यतानिवारण हे विषय ओवीबद्ध झाले. ग्रंथ त्यांनी ग्रामदेवतेस अर्पण केला. ही देवता म्हणजे गाव स्वतःच होय. याचना करणारा आणि जिच्याकडे याचना करावयाची ती शक्ती, हे दोघेही येथे एकाच पंगतीत बसतात. ईश्वराचा निषेध न करता प्रार्थनेची दिशा समूहाकडे वळविणे, हे तुकडोजी महाराजांचे वैशिष्ट्य होय.

या रचनेत उपदेश अधिक, पुनरुक्ती पुष्कळ आणि प्रतिमासृष्टी मर्यादित आहे, हा आक्षेप एकांतातील मूकवाचनाच्या दृष्टीने खरा आहे. मात्र सामुदायिक प्रार्थनेत पुनरुक्ती हा दोष ठरत नाही. निरक्षर माणसाला पुढचा चरण उच्चारता यावा, ही तिची सोय असते. मर्ढेकरांची प्रार्थना एका व्यक्तीच्या अंतर्मनात पूर्ण होते; तुकडोजी महाराजांची प्रार्थना इतरांनी उच्चारल्याशिवाय पूर्ण होत नाही. दोहोंना एकच मोजमाप लावणे न्याय्य नव्हे.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरी येथे त्यांचे निधन झाले. २००५ साली नागपूर विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. हा गौरव उचितच आहे. परंतु ज्या काव्याचा कर्ता एकटा कवी नसून म्हणणारा समुदायही असतो, अशा काव्याचे निकष सिद्ध करणे हे मराठीच्या अध्यापकांचे आणि अभ्यासकांचे उत्तरदायित्व आहे. ते पार पडल्याखेरीज आधुनिक मराठी काव्याच्या इतिहासातील प्रार्थनेचे प्रकरण अपुरेच राहील.