अनसूयाबाई काळे

अनसूयाबाई काळे (१८९६ – १९५८) या नागपूर येथील समाजकार्यकर्त्या, स्वातंत्र्यसैनिक व संसद सदस्य होत्या. मध्य प्रांत व वऱ्हाड विधानसभेच्या उपसभापती म्हणून त्यांनी काम केले. १९४२ च्या आंदोलनात चिमूर व आष्टी येथील ज्या कैद्यांना फाशीची शिक्षा झाली, त्यांचे प्राण वाचवण्यासाठी त्यांनी केलेले प्रयत्न हे त्यांच्या सार्वजनिक जीवनातील सर्वांत महत्त्वाचे कार्य मानले जाते.

सार्वजनिक जीवनाचा आरंभ

विवाहानंतर अनसूयाबाईंचे कार्यक्षेत्र नागपूर हे राहिले. १९२० मध्ये त्यांनी तेथे भगिनी मंडळाची स्थापना केली. १९२८ मध्ये प्रांताच्या विधिमंडळावर त्यांची नियुक्ती झाली. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाल्यावर त्यांनी या पदाचा राजीनामा दिला व चळवळीत भाग घेतला. १९३७ च्या निवडणुकीत त्या काँग्रेसतर्फे विधानसभेवर निवडून आल्या आणि सभागृहाच्या उपसभापती झाल्या. कायदे कसे होतात व सरकारी यंत्रणा कशी चालते, याचा हा अनुभव त्यांना पुढे उपयोगी पडला.

चिमूर व आष्टीची घटना

चिमूर हे गाव त्या काळी चांदा जिल्ह्याच्या वरोरा तहसिलीत होते. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तेथे निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात बालाजी रायपूरकर हा तरुण मरण पावला. प्रक्षुब्ध जमावाने केलेल्या हल्ल्यात महसूल व पोलीस खात्यांतील अधिकारी ठार झाले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे पोलीस ठाण्यावर गेलेल्या जमावावर गोळीबार झाला. तेथेही आंदोलक आणि पोलीस असे दोन्ही बाजूंचे लोक मृत्युमुखी पडले.

त्यानंतर चिमूरमध्ये सैन्य व पोलीस दाखल झाले. घरोघर धरपकड झाली आणि स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी उपोषण केले. ते ६३ दिवस चालले व १२ जानेवारी १९४३ रोजी संपले. या काळात गावातील अनेक घरांतील कर्ते पुरुष तुरुंगात होते.

अपिलाचा प्रश्न

चिमूर व आष्टीचे खटले विशेष न्यायालयांपुढे चालले. जानेवारी १९४२ मध्ये काढलेल्या विशेष फौजदारी न्यायालयांच्या वटहुकमाने ही न्यायालये स्थापण्याचा अधिकार सरकारला मिळाला होता. या वटहुकमानुसार शिक्षा झालेल्या व्यक्तीस उच्च न्यायालयात अपील करता येत नसे. मोठ्या शिक्षांचे सरकारने निवडलेल्या न्यायाधीशाकडून पुनरावलोकन होई, परंतु ते अपिलाच्या हक्काची जागा घेऊ शकत नव्हते. साध्या खुनाच्या खटल्यात कोणत्याही आरोपीस मिळणारे संरक्षण या कैद्यांना नाकारले गेले होते. आरोपींच्या बचावाच्या कामात वरोऱ्यातील तरुण वकील मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच पुढे आनंदवनाचे संस्थापक म्हणून प्रसिद्धीस आलेले बाबा आमटे, यांचाही सहभाग होता.

जून १९४३ मध्ये फेडरल कोर्टाने बंगालमधील एका प्रकरणात हा वटहुकूम अवैध ठरवला. सरकारने लगेच नवा वटहुकूम काढून आधीच्या शिक्षा कायम ठेवल्या. मात्र त्या सामान्य न्यायालयांनी दिल्या आहेत असे मानून अपिलाची वाट खुली केली. चिमूर व आष्टीच्या कैद्यांची प्रकरणे वरच्या न्यायालयांत गेली आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडेही दाद मागण्यात आली. तरीही काही जणांची फाशी टळली नाही.

फाशी रद्द करण्याची मोहीम

न्यायालयीन उपाय संपत आल्यावर दयेचा अर्ज एवढाच मार्ग उरला. नागपूरहून चाललेल्या या मोहिमेचे नेतृत्व अनसूयाबाईंनी केले. मदत गोळा करणे, अर्ज पुढे पाठवणे, अधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करणे आणि देशातील नेत्यांना या प्रश्नात ओढणे अशी विविध अंगे या कामाला होती. कैद्यांचे नातेवाईक खेड्यांत राहणारे, तर निर्णय नागपूर, दिल्ली व लंडन येथे होणारे होते; हे अंतर भरून काढण्याचे काम या मोहिमेने केले. या संदर्भात अनसूयाबाईंचा महात्मा गांधींशी पत्रव्यवहार होता.

एप्रिल १९४५ च्या आरंभी फाशीची अंमलबजावणी होणार असे जाहीर झाले. गांधीजींनी निवेदन काढून तिला तीव्र विरोध केला. देशभर निषेध झाला व अंमलबजावणी थांबली. महायुद्ध संपत असताना, ऑगस्ट १९४५ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी उरलेल्या कैद्यांची फाशी रद्द करून त्यांना जन्मठेप दिली.

उत्तरायुष्य

१९४८ मध्ये अनसूयाबाई अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ मध्ये, त्या नागपूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आल्या. १९५७ मध्येही त्याच मतदारसंघाने त्यांना पुन्हा निवडून दिले. १९५८ मध्ये, लोकसभेच्या सदस्य असतानाच, त्यांचे निधन झाले.

महत्त्व

चिमूर व आष्टीच्या लढ्याच्या इतिहासात १६ ऑगस्टचा उठाव व त्यातील हुतात्मे यांना मध्यवर्ती स्थान आहे. त्यानंतरची तीन वर्षे मात्र न्यायालये, अर्ज आणि मुदती यांच्याशी झुंजण्यात गेली. अपिलाशिवाय दिलेली फाशीची शिक्षा सहजपणे अमलात येऊ नये यासाठी झालेल्या या दीर्घ प्रयत्नांत अनसूयाबाईंचा वाटा मोठा होता.