चाळीस वर्षांचं युद्ध संपलं ते आपल्या माहुलीवर! शहाजीराजांच्या झुंजीची गोष्ट

शहापूर / मुरबाड : मुरबाडहून वैशाखऱ्याकडं निघालं की नाणेघाटाच्या बाजूला जीवधन किल्ला दिसतो. इकडं आसनगाव स्टेशनात उतरलं की समोर माहुली. दोन्ही डोंगर आपल्या रोजच्या नजरेतले. पण या दोन किल्ल्यांमध्ये एका मोठ्या युद्धाचा शेवटचा भाग घडला हे फार थोड्यांना माहीत आहे. त्या युद्धातला शेवटचा लढवय्या म्हणजे शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे भोसले.

शिवजयंतीच्या भाषणात शहाजीराजांचं नाव एका ओळीत येतं आणि जातं. माहुलीवर त्यांना हार पत्करावी लागली, म्हणून असेल. पण ती हार कशी झाली, हे समजून घेण्यासारखं आहे.

लढाईच्या काळातच जन्म

त्या वेळी अहमदनगरला निजामशाही होती, विजापूरला आदिलशाही. उत्तरेकडून मुघल खाली सरकत होते. १५९५ मध्ये मुघल फौज अहमदनगरवर आली. चांदबिबीनं तेव्हा किल्ला वाचवला, पण १६०० मध्ये तो पडला. राजधानी गेली तरी राज्य संपलं नाही. मलिक अंबर नावाच्या हबशी सरदारानं, जो गुलाम म्हणून या देशात आला होता, त्यानं निजामशाही पुन्हा उभी केली आणि पुढची २५ वर्षं मुघलांना झुंजवत ठेवलं.

शहाजीराजांचा जन्म १५९४ चा धरतात. म्हणजे पोर रांगत होतं तेव्हा युद्ध सुरू झालं आणि ते संपलं तेव्हा माणूस चाळिशी ओलांडून गेला होता. वडील मालोजीराजे वेरूळचे, निजामशाहीतले सरदार. नगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून त्यांनी मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली. पुढं सिंदखेडच्या लखुजी जाधवांच्या लेकीशी, जिजाऊंशी, शहाजीराजांचं लग्न झालं.

भातवडीची लढाई

१६२४ मध्ये मुघल आणि आदिलशाही एक झाले आणि निजामशाहीवर चालून आले. नगरजवळ भातवडीला गाठ पडली. मलिक अंबरनं तिथल्या तलावाचा बांध फोडला. सगळा चिखल झाला, शत्रूचे घोडे आणि तोफा अडकल्या. वरून रात्रीचे छापे. मोठा विजय मिळाला आणि शहाजीराजांचं नाव झालं. पण धाकटा भाऊ शरीफजी त्याच लढाईत गेला.

यानंतर मलिक अंबरशी पटेना म्हणून राजे काही काळ आदिलशाहीत गेले. १६२६ मध्ये मलिक अंबर वारला, त्यानंतर ते परत निजामशाहीत आले.

घरावरच घाला

१६२९ मध्ये दौलताबादच्या दरबारात निजामशहानं लखुजी जाधवांना मुलांसह मारलं. ज्याच्यासाठी लढायचं त्यानंच सासरा मारला! शहाजीराजांनी निजामशाही सोडली आणि ते मुघलांकडं गेले. पाच हजारी मनसब मिळाली. याच धामधुमीत १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर शिवबांचा जन्म झाला.

त्यातच १६३० पासून मोठा दुष्काळ पडला. पीक नाही, गुरं मेली, गावं ओस पडली. राजांच्या जहागिरीतलं पुणं आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं जाळलं. राजे-सुलतान तह करत होते, मोडत होते, पण फौज कुणाचीही असो, ती जाणार शेतकऱ्याच्या शेतातूनच.

मुघलांकडंही शब्द पाळला गेला नाही. राजांना दिलेला मुलूख काढून मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याला दिला. १६३२ मध्ये राजांनी मुघलांनाही रामराम केला.

जीवधनवरचा पोर

जून १६३३ मध्ये दौलताबाद पडलं. बाल निजामशहाला मुघलांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात टाकलं. सगळ्यांना वाटलं, संपली निजामशाही. पण शहाजीराजांनी वेगळाच डाव टाकला. निजामशाही घराण्यातला मुर्तझा नावाचा लहान मुलगा जीवधनवर कैदेत होता. त्याला सोडवून त्यांनी संगमनेरजवळच्या पेमगडावर गादीवर बसवलं आणि त्याच्या नावानं कारभार हातात घेतला.

जुन्नर, संगमनेर, त्र्यंबक, खाली कोकण असा मुलूख राजांनी तीन वर्षं सांभाळला. गादीवर नाव पोराचं, पण फौज राजांची आणि हुकूमही राजांचा. यात आदिलशाहीची मदत होती, आणि ती देणाऱ्यांत तोच मुरार जगदेव होता, ज्यानं पुणं जाळलं होतं. काल घर जाळणारा आज सोबतीला, असा तो काळ.

शेजारी फिरला

१६३५ मध्ये विजापूरच्या दरबारात भांडणं झाली आणि त्यात मुरार जगदेव मारला गेला. राजांचा मोठा आधार गेला. १६३६ च्या सुरुवातीला बादशहा शहाजहान स्वतः दख्खनमध्ये उतरला. त्यानं आदिलशाहीच्या मुलखातही फौजा घातल्या. आदिलशहा वाकला. मे १६३६ मध्ये तह झाला. त्यानं २० लाख रुपये द्यायचे आणि शहाजीराजांची साथ सोडायची. बदल्यात निजामशाहीचा काही मुलूख त्याला मिळाला. आपली कोकणपट्टी आदिलशाहीच्या वाट्याला आली.

म्हणजे राजे रणात हरण्याआधीच कागदावर हरले होते. आतापर्यंत पाठीशी असलेला शेजारी आता मुघलांसोबत त्यांच्याच मागे लागला.

माहुलीचा वेढा

मुघलांचा खानजमान आणि आदिलशाहीचा रणदुल्लाखान दोघं राजांच्या पाठीवर होते. राजांनी पोर्तुगीजांकडं आसरा मागितला, तोही मिळाला नाही. शेवटी त्यांनी माहुली धरली. माहुली, पळसगड आणि भंडारगड असे तीन गड एकाच डोंगरावर. कडे तुटलेले, खाली दाट रान. आपल्यातले जे वर गेलेत त्यांना माहीत आहे, ही चढण किती दमवते ते.

पण किल्ला कितीही अवघड असला तरी बाहेरून मदत येणार नसेल तर दाणागोटा किती दिवस पुरणार? १६३६ च्या अखेरीस राजांनी बोलणी केली. मुर्तझाला हवाली करावं लागलं, त्यालाही ग्वाल्हेरला कैदेत टाकलं. जुन्नर, त्र्यंबक, हरिश्चंद्रगड, जीवधन हे किल्ले द्यावे लागले. राजांना मुघलांच्या चाकरीत राहायचं होतं, बादशहानं ते मानलं नाही आणि विजापूरला जायला सांगितलं. ४१ वर्षांचं युद्ध आपल्या शहापूर तालुक्यात संपलं.

काही जण म्हणतात, राजांनी पोराला सोडलं. पण चारी बाजूंनी वाट बंद झाल्यावर उरलेली माणसं मारून घ्यायची की जगवायची, हा सवाल होता. राजांनी माणसं जगवली. पुण्याची जहागीरही त्यांच्याकडं राहिली आणि पुढं स्वराज्याची सुरुवात त्याच मुलखातून झाली.

पुढं काय झालं

आदिलशाहीनं राजांना कर्नाटकात पाठवलं. बंगळुरात त्यांनी मोठा कारभार उभा केला. १६४८ मध्ये जिंजीजवळ त्यांना कैद झाली, पुढच्या वर्षी सुटले. २३ जानेवारी १६६४ ला कर्नाटकात होदिगेरे इथं शिकारीत घोड्यावरून पडून ते गेले. त्यांची समाधी तिथंच आहे.

माहुली मात्र घरी परतली. १६५८ मध्ये शिवाजी महाराजांनी ती घेतली, १६६५ च्या पुरंदरच्या तहात ती पुन्हा मुघलांकडं गेली आणि जून १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जिंकून आणली. वडिलांना जो गड सोडावा लागला, तो ३४ वर्षांनी मुलाच्या राज्यात आला. फरक एवढाच, की वडील दुसऱ्याच्या गादीसाठी लढले होते आणि मुलगा स्वतःच्या राज्यासाठी.