जेम्स बर्जेस: लातूरच्या झिजत्या लेण्यांची नोंद ठेवणारा माणूस

स्कॉटलंडमध्ये १८३२ साली जन्मलेले जेम्स बर्जेस १८५५ मध्ये भारतात आले ते गणित शिकवायला. पण नाव झालं लेण्यांमुळे. १८७२ मध्ये त्यांनी ‘इंडियन अँटिक्वेरी’ हे नियतकालिक सुरू केलं. १८७५-७६ मध्ये निजामाच्या राज्यात सर्वेक्षण करताना त्यांनी खरोशाची लेणी नोंदवली. आज हे गाव लातूरच्या औसा तालुक्यात येतं.

ही लेणी जांभ्यात कोरलेली आहेत. जांभा कसा तयार होतो? काळ्या बेसॉल्टमध्ये लाखो वर्षं पावसाचं पाणी मुरतं. सिलिका विरघळून वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे उरतात. हे रासायनिक विदारण. त्यातून तयार झालेला दगड मऊ, म्हणून छिन्नी सहज चालते.

पण सच्छिद्र जांभ्यात पाणीही सहज शिरतं. त्यात उन्हानं दगड प्रसरण पावतो, गारव्यानं आकुंचतो, भेगा वाढतात. हे कायिक विदारण. ज्या मऊपणामुळे शिल्पं घडली, त्यामुळेच ती झिजतात.

बर्जेस १८८६ ते १८८९ पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. १९१६ मध्ये एडिंबरात त्यांचं निधन झालं. झिजलेलं शिल्प परत येत नाही. म्हणूनच त्यांच्या जुन्या नोंदी आज मोलाच्या आहेत.