चट्टा त्वचेवर, रोग नसेत: डॉ. खानोलकरांनी कुष्ठरोग कुठे शोधला?

कुष्ठरोगात बोटं का झडतात? जंतू बोटं खातात म्हणून नाही. नस निकामी होते, चटका बसलेला कळत नाही, जखमा चिघळत जातात आणि बोटं झिजतात. येवल्यात पैठणी विणणाऱ्याला रेशमाचा धागा बोटांनाच आधी कळतो. तीच बोटं बधिर झाली तर?

मुंबईचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी म्हणूनच त्वचेपेक्षा नसेवर जास्त लक्ष दिलं. १९२३ मध्ये लंडनहून एमडी होऊन ते परतले, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवलं आणि १९४१ पासून टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या प्रयोगशाळा सांभाळल्या. त्यांचं नाव जास्त घेतलं जातं ते कॅन्सरसाठी. कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या जागी होणाऱ्या कॅन्सरची नोंदही त्यांचीच, १९४५ ची.

आता नस म्हणजे काय, ते रेशमावरूनच बघू. प्रत्येक धाग्याभोवती तलम अस्तर, ते एन्डोन्युरियम. धाग्यांच्या प्रत्येक लडीभोवती घट्ट वेष्टन, ते पेरिन्युरियम. सगळ्या लडी बांधणारं जाड फडकं, ते एपिन्युरियम. यातलं मधलं वेष्टन खरं पहारेकरी, सहसा काही आत जाऊ देत नाही. पण ते ताणतही नाही. त्यामुळे आत सूज आली की धागे चेंगरतात. कोपराजवळची नस जाड लागते का, हे डॉक्टर हाताने चाचपतात ते याचसाठी.

मग जंतू आत शिरतो कुठून? खानोलकरांनी सुरुवातीच्या चट्ट्यांचे बारीक काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांचा अहवाल १९५१ मध्ये आला. त्वचेत नसेची टोकं उघडी पडतात, वेष्टन तिथे संपतं. जंतू तिथून आत शिरतो आणि नसेतून वर सरकतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढे १९५८ मध्ये डॉ. कमल रणदिवे आणि डॉ. बापट यांच्यासोबत त्यांनी रुग्णांमधला एक जंतू प्रयोगशाळेत वाढवला. तो मात्र नंतर वेगळ्याच गटातला ठरला. कुष्ठरोगाचा खरा जंतू आजही काचेच्या बशीत वाढत नाही.

पद्मभूषण, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरूपद हे सगळं त्यांना मिळालं. दरवाजाचा वाद मात्र संपला नाही. त्यांच्या मृत्यूनंतर आर्माडिलो या प्राण्यावर झालेल्या अभ्यासात दुसरी वाट दिसली: सर्वांत बाहेरच्या फडक्यातल्या रक्तवाहिन्या.