सावित्रीबाई फुले : आधी विद्यार्थिनी, मग शिक्षिका

सोलापूरचा अक्कलकोट रोड एमआयडीसीचा परिसर म्हणजे यंत्रमागांचा परिसर. टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या या कारखान्यांच्या आधाराने जी कुटुंबे राहतात त्यांच्यापैकी कोणाच्या घरी तेलुगू बोलली जाते, कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या घरी मराठी तर कोणाच्या घरी उर्दू. त्यांची मुले मात्र पहिलीच्या वर्गात एकाच बाकावर येऊन बसतात. अशा वर्गासमोर उभे राहून मुळाक्षरे शिकविणे हे किती कौशल्याचे काम आहे, हे जो एकदा उभा राहिला त्यालाच कळते. आपल्या धर्मग्रामांतील ज्या मुली आज प्राथमिक शिक्षिका होण्याची तयारी करीत आहेत, त्यांना पुस्तकी अभ्यासाबरोबर प्रत्यक्ष शाळेत जाऊन काही आठवडे शिकवावे लागते. पूर्वी डी.एड. म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि आता डी.एल.एड. म्हटल्या जाणाऱ्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात याला आंतरवासिता असे भारदस्त नाव आहे. या मुलींसाठी आम्ही आज सावित्रीबाई फुले यांचे चरित्र सांगत आहोत. सावित्रीबाईंवर चिखल व शेण फेकले गेले, ही गोष्ट सर्वांना पाठ असते. त्या आधी शिक्षिका होण्याचे रीतसर शिक्षण घेऊन मगच फळ्यासमोर उभ्या राहिल्या, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील, आई लक्ष्मीबाई. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. लग्नापूर्वी शिरवळच्या बाजारात एका मिशनऱ्याने छोट्या सावित्रीला एक पुस्तक दिले आणि वाचता येत नसतानाही तिने ते जपून सासरी आणले, अशी आख्यायिका आहे.

सासरी आल्यावर त्यांची पहिली शाळा घरीच आणि शेतात भरली. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत होते. ते जे शिकत ते पत्नीला आणि सगुणाबाई क्षीरसागर यांना शिकवीत. सगुणाबाई ही जोतीरावांची मावसबहीण. आईविना वाढलेल्या जोतीरावांचे तिनेच संगोपन केले होते. एका मिशनरी कुटुंबात मुले सांभाळण्याचे काम करीत असल्याने शिक्षणाचे महत्त्व तिला घरातील इतरांपेक्षा आधी उमगले होते. सावित्रीबाईंच्या पुढील अभ्यासाची जबाबदारी जोतीरावांचे मित्र सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी घेतली.

परंतु स्वतः शिकणे वेगळे आणि दुसऱ्याला शिकविणे वेगळे. मुलींची शाळा काढायची तर शिक्षिका हवी, कारण पुरुष मास्तराच्या वर्गात आपली मुलगी बसविण्यास त्या काळी फार थोडे आईबाप तयार होते. पुण्यात तर अशी शिक्षिका मिळणे दुरापास्तच होते. जी व्यक्ती अस्तित्वात नाही ती आधी घडवावी लागते, हे जोतीरावांनी ओळखले आणि सावित्रीबाईंनी मान्य केले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे सिंथिया फरार ही अमेरिकन मिशनची बाई मुलींच्या शाळा चालवीत होती. अमेरिकेत जन्मलेली ही अविवाहित स्त्री १८२७ च्या अखेरीस मुंबईत उतरली, १८३९ साली नगरला आली आणि १८६२ साली तेथेच वारली. जोतीरावांनी मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासमवेत तिची शाळा पाहिली आणि आपल्याही शहरात मुलींसाठी शाळा असावी हा त्यांचा निश्चय पक्का झाला. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते याच फरारबाईंच्या संस्थेत. आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. शिक्षक तयार करणाऱ्या शाळेला तेव्हा नॉर्मल स्कूल म्हणत.

येथे थोडे थांबून त्या काळच्या शिक्षक-शिक्षणाची रीत समजून घेतली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकाऊ शिक्षकाची खरी पाठशाळा म्हणजे भरलेला वर्ग. आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळेतही थोरला विद्यार्थी धाकट्याला धूळपाटीवर अक्षरे गिरवून देत असे. अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने अठराव्या शतकाच्या शेवटी मद्रासजवळ मुलांना वाळूत अक्षरे काढताना पाहिले आणि त्यावरून एका मुलाने दुसऱ्याला शिकविण्याची पद्धत बसवली. ती मद्रास पद्धत या नावाने इंग्लंडात गेली आणि पुन्हा फिरून हिंदुस्थानातील मिशन शाळांत आली. आपल्याच देशातील रीत साहेबाचा कोट घालून परत आली, असे म्हटले तरी चालेल.

कॅथलिक वाचकांना येथे संत जॉन बाप्टिस्ट डी ला साल यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. फ्रान्समधील रेम्स येथे १६५१ साली जन्मलेल्या या धर्मगुरूने गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. मास्तर बरे नसतील तर शाळा चालत नाही, हे अनुभवाने कळल्यावर १६८५ च्या सुमारास त्यांनी रेम्समध्ये खेड्यांतील शिक्षकांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. पुढे पॅरिसमध्ये अशाच संस्थेला जोडून मुलांची मोफत शाळा ठेवली, म्हणजे शिकाऊ शिक्षकाने सकाळी ऐकलेले लगेच करून पाहावे. १९५० साली पोप पायस बारावे यांनी त्यांना सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. रेम्स आणि पुणे यांच्यात दीडशेहून अधिक वर्षांचे अंतर असले तरी दोन्हीकडे अडचण एकच होती. शाळा काढायला माणसे पुढे येत होती, पण गरिबांच्या मुलांना शिकवू शकेल असा माणूस मिळत नव्हता.

१८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सतरा वर्षांच्या सावित्रीबाई शिकवू लागल्या. मुंबई व नगरकडे मिशनच्या मुलींच्या शाळा याआधीही होत्या. परंतु एतद्देशीयांनी स्वतःच्या बळावर पुण्यात काढलेली मुलींची ही पहिली शाळा. सनातनी समाज खवळला. शाळेत जाताना अंगावर चिखल आणि शेण येई, म्हणून त्या सोबत एक जादा लुगडे नेत आणि शाळेत पोहोचल्यावर ते बदलून वर्गात जात. १८४९ साली लोकांच्या दडपणामुळे सासऱ्यांनी, गोविंदरावांनी, मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. पहिली शाळाही काही महिन्यांत बंद पडली. ही हकिगत आम्ही मुद्दाम सांगतो, कारण तिच्यावर अनेकदा पांघरूण घातले जाते. धैर्य होते, शिक्षण होते, पण पैसा आणि पाठबळ नसल्याने शाळा टिकली नाही.

त्या पुन्हा उभ्या राहिल्या. ३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकर वाड्यात, त्याच वर्षी सप्टेंबरात रास्ता पेठेत आणि मार्च १८५२ मध्ये वेताळ पेठेत मुलींच्या शाळा निघाल्या. या वेळी कारभार पाहण्यास मंडळ होते, परीक्षा होत्या, वाचन, व्याकरण, गणित, भूगोल, इतिहास असा आखलेला अभ्यासक्रम होता. भिंतीवर नकाशे होते. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारने जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार केला. शाळांची कीर्ती सावित्रीबाईंच्या वर्गात तयार झाली होती आणि शाल मात्र जोतीरावांच्या खांद्यावर पडली, असे आमच्या मनात आल्यावाचून राहत नाही.

शिक्षिकेची पारख तिच्या विद्यार्थ्यांवरून करावी. मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी फुले दांपत्याच्या शाळेत सुमारे तीन वर्षे शिकली. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली अमेरिकन मिशनच्या ज्ञानोदय या नियतकालिकात छापला गेला. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. ज्या मुलीच्या घरात आधी अक्षर शिरलेले नव्हते, तिने तीन वर्षांत आपल्या समाजाची बाजू तर्कशुद्ध मांडावी, हे घोकंपट्टी करून घेणाऱ्या शाळेत घडत नाही.

सहकारी शिक्षिकाही तयार होत होत्या. १८५६ साली सावित्रीबाई आजारपणात नायगावी माहेरी राहिल्या असताना त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात, आपल्या गैरहजेरीत कामाचा भार वाहणाऱ्या फातिमेचा उल्लेख आहे. त्याच सुमारास, १८५५ साली, दोघांनी शेतकरी आणि मजूर स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबून आलेल्या माणसाला दिव्याच्या उजेडात शिकविणे हे लहान मुलांना शिकविण्यापेक्षाही अवघड. एमआयडीसीत पाळी करून आलेल्या कामगारासमोर कधी पाटी ठेवून पाहिली तर याची कल्पना येईल. पुण्यात स्त्रियांसाठी सरकारी ट्रेनिंग कॉलेज निघाले ते १८७० च्या सुमारास, म्हणजे सावित्रीबाई वर्गात उभ्या राहिल्यानंतर वीस-बावीस वर्षांनी.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिले त्यात या अनुभवाचा अर्क आहे. प्राथमिक शाळेचा शिक्षक प्रशिक्षित असावा. तो शक्यतो कष्टकरी वर्गातून यावा. लोकांत मोकळेपणाने मिसळणारा, नांगराच्या रुमण्याला किंवा सुताराच्या वाकसाला हात लावण्यात कमीपणा न मानणारा असावा. आणि त्याला दरमहा किमान बारा रुपये पगार मिळावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. आमच्या भागात नांगराच्या जागी माग घालून वाचले तर हे निवेदन कालचेच वाटेल. विणकराच्या घरातील मुलगी शिक्षिका झाली तर तिच्या वर्गातील मूल झोपाळू का आहे, हे तिला विचारावे लागत नाही. घरातला माग रात्री उशिरापर्यंत चालला की मूल कसे झोपते, हे तिने पाहिलेले असते.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हांला आवश्यक वाटते. फरारबाई प्रॉटेस्टंट मिशनच्या होत्या, आणि सावित्रीबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. १८७३ साली स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या त्या आधारस्तंभ होत्या. आपल्या कार्यक्रमांतून कधी कधी मिशनरी नसते तर सावित्रीबाई घडल्या नसत्या असे सुचविले जाते. ते त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. उलट बाजूला, फरारबाईंचे नावही न घेता त्यांचे चरित्र सांगितले जाते. तेही खरे नव्हे. एका परदेशी बाईने आपली शाळा शिकण्यासाठी उघडी ठेवली आणि एका माळ्याच्या सुनेने तेथे जे मिळाले ते आपल्या लोकांत, आपल्या विचाराने रुजविले. दोघींचा वाटा ज्याचा त्याला द्यावा.

आपल्या शाळांपुढेही यातून एक प्रश्न उभा राहतो. आंतरवासितेसाठी आलेल्या मुलीला काही ठिकाणी हजेरीपट भरणे, झेरॉक्स काढून आणणे, गैरहजर शिक्षकाचा वर्ग नुसता शांत ठेवणे अशी कामे दिली जातात. आठवडे भरतात, दाखला मिळतो, पण पाठ घेऊन झाल्यावर कोठे चुकले हे शेजारी बसून सांगणारे कोणी नसते. जी मिशन शाळा सावित्रीबाईंना लाभली तशी शाळा होणे हे अनुभवी शिक्षकांच्या आणि आपल्या धर्मभगिनींच्या हाती आहे. त्यासाठी अनुदान लागत नाही. आठवड्यातून दोन तासिका मागच्या बाकावर बसण्याची तयारी लागते.

सावित्रीबाईंचे पुढचे आयुष्य शाळेच्या भिंतींबाहेर विस्तारत गेले. १८५४ साली त्यांचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. १८६३ साली फसवणुकीला बळी पडलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. तेथे जन्मलेल्या यशवंताला या निपुत्रिक दांपत्याने दत्तक घेऊन डॉक्टर केले. १८७६-७७ च्या दुष्काळात त्या जुन्नर तालुक्यातील ओतूरकडे फिरून अन्नवाटपाचे काम करीत होत्या. सोलापूरची जुनी मिल उभी राहिली तीही १८७७ सालीच. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले तेव्हा टिटवे धरण्यावरून भाऊबंदांत वाद झाला. सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवे स्वतः हाती घेतले आणि पतीला अग्नी दिला. त्या काळी विधवेने असे करणे ऐकिवातही नव्हते. १८९३ साली सासवड येथील सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

१८९७ साली पुण्यात प्लेगने थैमान घातले. डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर हडपसरजवळ माळरानावर दवाखाना उघडला आणि सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई रुग्णांना तेथे आणू लागल्या. मुंढव्याच्या दलित वस्तीतील गायकवाड कुटुंबाचा मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळताच त्या गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा बरा झाला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.